परकरातला पासपोर्ट आणि बारा सिंह

आमच्या गल्लीतली एक बाई स्पेनला लेकीकडे जाणार आहे. मी तिकडे जाऊन आले हे कळल्यापासून ती रोज येते आणि ग्रॅनाडात काय पाहायचं, काय खायचं ते विचारते. तेच तेच सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून लिहूनच ठेवते. मी चौथी शिकले आहे. एवढं लिहायला तेवढं पुरतं.

ग्रॅनाडा हे डोंगराच्या पायथ्याचं जुनं गाव. तिथे फार वर्षं मुसलमान राजे होते. त्यांनी टेकडीवर लाल रंगाचा किल्ला बांधला, त्याला अलहम्ब्रा म्हणतात. मी अमरावतीची. माझ्याबरोबर माझी विहीण होती, ती अकोल्याची. आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. तिसरी तिची लेक, म्हणजे माझी सून, ती तिकडेच नोकरीला आहे. मुलगा काम आहे म्हणून घरी राहिला. दोन विहिणींच्या मधे चालायचं म्हटल्यावर मीही राहिले असते.

आधी खाण्याचं सांगते. तिथे बाराला जेवण मागितलं तर आपण दवाखान्यातून पळून आलो असं बघतात. रात्रीचं जेवण माझ्या झोपेच्या वेळेला. मधे दुकानं बंद. म्हणून पिशवीत चिवडा ठेवावा. एक गोष्ट चांगली, काही प्यायला मागितलं की सोबत खायची छोटी बशी फुकट येते. द्राक्षाचा रस घेतला तरी येते. हे कळल्यावर ईनबाई बशीसाठी इतका रस प्यायल्या की पुढची सगळी दुपार आम्ही गावातले संडासच पाहिले. मटण नको म्हटलं तर मासा आणतात. मासा नको म्हटलं तर भाजी आणतात, तिच्यात डुकराचे तुकडे असतात. ते त्यांच्याकडे भाजीतच धरतात. तळलेलं वांगं मागावं. त्यावर काकवी ओततात. वांग्यावर काकवी ऐकून मी नाक मुरडलं होतं, पण ईनबाईंची बशीसुद्धा मीच संपवली. टमाट्याचं थंड सार मागू नये. मी गरम करून मागितलं, तर स्वयंपाकी बाहेर येऊन मला पाहून गेला.

रस्त्यावरच्या झाडांना संत्री लगडलेली असतात आणि कोणी तोडत नाही. आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मला वाटलं, काय आळशी लोक आहेत. एक तोडून खाल्लं. लोक आळशी नाहीत.

आता किल्ला. तिकीट खूप आधी काढावं लागतं आणि आतल्या महालात शिरायची वेळ त्यावर छापलेली असते. ती वेळ टळली की बाहेर. आपली एसटी हात दाखवला की थांबते, तसं तिथे नाही. महालाच्या आत एक चौक आहे, त्यात दगडी सिंहांचं कारंजं. ईनबाई खरं तर त्या सिंहांसाठीच आल्या होत्या. त्यांच्या भजनी मंडळातली एक बाई दुबईला जाऊन उंच बिल्डिंगसमोर फोटो काढून आली आणि तो फोटो दर भजनाला दाखवू लागली. ईनबाईंनी निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मी बारा सिंहांचा फोटो पाठवते. म्हणजे त्यांची सगळी अब्रू त्या सिंहांवर होती.

सुनेने बजावलं होतं की गावात पाकीटमार फार. आमच्या बायका प्रवासाला निघाल्या की परकराला आतून चोरखिसा लावतात. आम्हा दोघींनाही होते. किल्ल्याच्या दिवशी सकाळी मी दोन्ही पासपोर्ट त्यांत घातले आणि वरून तोंडं शिवून टाकली. दुहेरी दोरा, गोधडीचे टाके. माझा खिसा गुडघ्याजवळ. ईनबाईंना वाकवत नाही, म्हणून त्यांचा वर, नेफ्याला लागून.

दारावरच्या माणसाने पासपोर्ट मागितले. तिकिटाबरोबर तेही दाखवावे लागतात, हे लक्षात ठेवा. सुनेने माझ्याकडे हात केला. मी म्हटलं, आहेत. तिने विचारलं, कुठे? मी खाली बोट दाखवलं. मग आम्ही दोघी संडासाकडे निघालो, जेवढं पळता येतं तेवढं.

माझा लवकर उसवला. ईनबाईंचा टाका हलेना. बांगडीतली सेफ्टी पिन घालून ओढला, तर पिन वाकली. बाहेरून सून वेळ संपत आल्याचं सांगत होती. रांगेतल्या गोऱ्या बाया दार वाजवत होत्या.

"तुमच्यापायी माझे सिंह जाऊन राहिले, ईनबाई," त्या म्हणाल्या.

"हलू नका, नाही तर मांडीले चावीन," मी म्हटलं आणि खाली बसले. पुढचे दोन दात अजून माझे स्वतःचे आहेत. दोरा दातात धरून जोर लावला. कट्‌कन तुटला. पासपोर्ट पडला, आणि त्याच्या मागोमाग परकर, पातळ, सगळंच पडलं.

"काय तोडलं तुमी?"

"नाडी."

शिवताना नाडी टाक्यात आली होती. तुटलेलं टोक नेफ्यात आत गेलं. ते ओढून काढायला पिन लागते आणि पिन तर वाकलेली. ईनबाईंनी सगळं गोळा करून कमरेशी डाव्या मुठीत धरलं आणि चालू लागल्या. दार बंद व्हायच्या आत आम्ही आत शिरलो.

महाल सुंदर आहे. भिंतींवर जाळीसारखं कोरीव काम आहे, जिकडे तिकडे पाणी खेळवलं आहे. मी फारसं पाहिलं नाही. माझा डोळा ईनबाईंच्या मुठीवर होता. सिंहांसमोर सून म्हणाली, मम्मी, हात खाली घे ना. मम्मीने घेतला नाही. प्रत्येक फोटोत त्या मान ताठ करून, कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत.

तर पासपोर्ट शिवावा, पण कच्च्या टाक्याने आणि नाडीपासून लांब.

मागे अकोल्यात एका बारशाला गेले होते. भजनी मंडळातल्या बायका फोटोसाठी उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी डावा हात कमरेवर ठेवला. दुबईवाली सगळ्यांत पुढे. मी विचारलं, हे काय? तर ती म्हणाली, परदेशात असंच उभं राहतात, तुमच्या ईनबाईंनी दाखवलं. मी ईनबाईंकडे पाहिलं. त्या ताटातला पेढा माझ्या तोंडाजवळ आणून हळूच म्हणाल्या, "हा खा. अन् तोंड बंदच ठेवा."