लेले बाईंच्या गाडीचे ब्रेक

"किल्ली रविवारपर्यंत माझ्याकडेच राहील," लेले बाईंनी मुलाला फोनवर ठणकावलं आणि माझ्याकडे वळल्या. "अहो पाटणकर, तीन दिवस आहेत आपल्याकडे."

"आपल्याकडे? गाडी तुमची आहे," मी म्हटलं.

लेले बाई सदाशिव पेठेतल्या आमच्याच सोसायटीत राहतात. भूगोल शिकवून रिटायर झाल्या, वय एकोणसत्तर. मी गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सुपरवायझर होतो. मीही रिटायर. पण कुणाच्या गाडीत खुट्ट झालं की लोक मला जिन्यातच गाठतात. फुकटचा सल्ला पेठेत कोण सोडतो?

बाईंची छोटी गाडी ब्रेक दाबला की किंचाळायची. मुलगा निखिल वाघोलीला राहतो, आयटीत आहे. त्याने एकदा तो आवाज ऐकला आणि फर्मान काढलं, रविवारी येतो, किल्ली घेतो, गाडी विकून टाकू. आता बाई आठवड्यातून दोनदा धनकवडीच्या थोरल्या बहिणीला डायलिसिसला नेतात. बहिणीला रिक्षाचे धक्के सोसत नाहीत. येताना मळमळलं तर लगेच गाडी बाजूला घेणारं घरचं माणूस लागतं.

"तिला शब्द दिलाय मी," बाई म्हणाल्या. "आणि दुरुस्ती मीच करणार. तुम्ही फक्त सांगा."

मला रागच आला. ब्रेक म्हणजे काय भाजी निवडणं आहे? पण त्या खरंच जुनी साडी गुंडाळून पार्किंगमध्ये हजर झाल्या.

आधी प्रश्न विचारायचे, मग पाना उचलायचा, ही आमच्या धंद्यातली शिस्त. आवाज कधी येतो? ब्रेक दाबल्यावरच. कुठून? पुढून. मग बहुतेक ब्रेक पॅड. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ते पॅड. पॅड झिजत आले की त्यांच्यावरची एक पत्र्याची पट्टी डिस्कला घासते आणि मुद्दाम ओरडते. मला वाटलं तेच असणार. पॅड बदलले की झालं.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे. बाईंच्या हाताने हलेनात. त्यांनी पान्यावर पाय ठेवला आणि भार दिला. कर्रकन नट सुटला. मागच्या चाकाला वीट लावली, जॅक चढवला, खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालणाऱ्याला मी वर्कशॉपमधून हाकलून देत असे.

चाक काढलं. पॅड तर चांगले जाड होते! निम्मेसुद्धा झिजले नव्हते. मी उंटावरचा शहाणा ठरलो. डिस्कवर बोट फिरवलं तर बुळबुळीत. नाकाशी नेलं आणि कपाळावर हात मारला.

"बाई, हे खोबरेल आहे."

"हो."

"हो काय?"

"दार करकरलं की मी बिजागरीला घालते. तसंच इथे चाकाच्या जाळीतून पिचकारीने सोडलं. दोन दिवस आवाज बंद होता हो!"

"आवाज बंद होता, कारण ब्रेकच बंद होत होता! गाडी घासल्यामुळे थांबते. तुम्ही घासणंच काढून टाकलंत. चारही चाकांना घातलंत?"

"पुढच्या दोनच. मागचं सगळं डब्यात बंद आहे."

मागे बंद डब्यातले ड्रम ब्रेक होते, देवाची कृपा. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बहीण इस्पितळात होती तेव्हा गाडी पंधरा दिवस पावसात उभी होती. डिस्कवर गंजाचा पातळ थर आला, म्हणून पहिला आवाज. चार वेळा नीट ब्रेक मारले असते तर आपोआप गेला असता. रोगापेक्षा इलाज भयंकर तो हा. पॅडने तेल प्यायलं, आवाज दुप्पट झाला आणि ब्रेक निम्मा.

बाईंचा चेहरा पडला. "परवाच मी तिला घेऊन उतारावरून आले," एवढंच म्हणाल्या. मग पदर खोचला. "घासून चालतील हे?"

"नाही. तेल प्यायलेला पॅड टाकूनच द्यायचा. आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, नाहीतर गाडी एकीकडे ओढते."

दुसऱ्या दिवशी मी नाना पेठेतून पॅड आणले. डिस्क पुसायचा स्प्रे मारून बाईंनी चकत्या अशा घासल्या, की जणू दिवाळीची भांडी. पॅड ज्या खिळ्यांवर सरकतात त्यांना मी ग्रीस द्यायला लावलं.

"आता तुमचं ग्रीस चालतं वाटतं?"

"जिथे सरकायचं तिथे चालतं. जिथे थांबायचं तिथे नाही."

एक बाजू पूर्ण व्हायला दोन तास लागले. माझ्या मेकॅनिकने वीस मिनिटांत केली असती. दुसरी बाजू बाईंनी मला न विचारता केली. चाकं बसवून झाल्यावर त्यांनी ब्रेकचं पेडल टणक होईपर्यंत दाबलं. ते विसरलं तर नवे पॅड असूनही पहिला ब्रेक हवेत जातो.

रविवारी निखिल आला. त्याने स्वतः एक चक्कर मारली. चूं नाही की चां नाही.

"झालं काय होतं, काका?"

"थोडा गंज होता..." मी सुरुवात केली. खोटं नव्हतं ते.

"मी ब्रेकला तेल घातलं होतं," बाई मधेच म्हणाल्या.

"आई! कुणाला उडवलं असतंस म्हणजे?"

"हो, उडवलं असतं. मावशीलाही घालवून बसले असते. पॅड मी माझ्या हाताने बदललेत. तरी भरवसा नसेल तर ने गाडी. मंगळवारी सकाळी सातला मावशीला न्यायचंय, ते तेवढं तू बघ."

निखिल काहीतरी बोलणार होता. मला राहवेना.

"अरे, उभा जन्म वर्कशॉपमध्ये गेला माझा. लोकांनी पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं, हँडब्रेक ओढून कात्रज गाठलं. विचारलं की उत्तर एकच, मी काहीच केलं नाही. आपण होऊन चूक सांगणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. यांच्याकडून गाडी काढून घेणार असशील, तर अर्ध्या पुण्याच्या किल्ल्या गोळा कर."

तो आईच्या काळ्या पडलेल्या नखांकडे बघत राहिला. मग किल्ली तिच्या हातात दिली आणि डाव्या बाजूचं दार उघडून बसला.

"चल, स्वारगेटपर्यंत ने मला. तिथून मावशीकडे जाऊ, बरेच दिवस भेटलो नाही."

तेव्हा घरी ब्रेक बघणार असाल तर दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. तेल दाराला घाला, ब्रेकला नको. आणि घातलंच असेल, तर सांगा.