जाऊबाई ठाण्यात बसतात

माझ्या थोरल्या जाऊबाई शिवणकाम करतात आणि पोलीस ठाण्यात बसतात. पहिल्या कामावर घर चालतं. दुसऱ्यापायी नातेवाइकांनी आमच्याकडे येणं कमी केलं, म्हणजे तोही फायदाच.

बसतात म्हणजे खरंच बसतात. आमची संघटना सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत आहे. दोन बाकं, एक टेलिफोन आणि करकरणारा पंखा. कुणाला पोलिसांनी उचललं की घरचं माणूस आधी तिथे धावत येतं. मग आम्ही दोघी निघतो. एकीनं बोलायचं, दुसरीनं नुसतं बघायचं, अशी पद्धत. माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे बघायचं काम कायम माझ्याकडे. जाऊबाई आत जाऊन एवढंच म्हणतात, "त्या माणसाला एकदा डोळ्यांनी बघू द्या." भांडण नाही, घोषणा नाही. नकार मिळाला की बाकावर बसायचं आणि पिशवीतून काजं-बटणांचं काम काढायचं. त्यांचं म्हणणं असं, की कुणीतरी पाहिलेल्या माणसाला मारताना हात जरा आखडतो. ज्याला कुणीच पाहिलं नाही, तो इथे आलाच नव्हता असं खुशाल सांगता येतं. साहेब लोक दमदाटी करतात, पंखा बंद करतात. जाऊबाई घाम पुसतात आणि पुढचा शर्ट घेतात. हट्टीपणात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा पोलिसात लागला तेव्हा संघटनेत बऱ्याच भुवया उंचावल्या. "तुम्ही त्याला अडवलं कसं नाही?" लोक विचारत.

"का? तिथे चांगली माणसं नकोत?" असं म्हणून त्यांनी त्याच्या वर्दीची पँट कमरेत आत घेतली. माय-लेकांचं एवढंच ठरलं होतं, की तो असेल त्या ठाण्यात जाऊबाईंनी जायचं नाही. तिकडे दुसरी जोडी जाईल.

आणि एका सकाळी कुणा रंगाऱ्याची बायको आली. त्यांची वस्ती पाडायला आलेल्या यंत्रासमोर तिचा नवरा वाट अडवून उभा राहिला, म्हणून त्याला गाडीत घालून नेलं होतं. ठाण्यात गेल्यावर "असा कुणी इथे नाही" म्हणून तिला परत पाठवलं. ठाणं नेमकं आमच्या पुतण्याचं, आणि दुसरी जोडी परगावी. जाऊबाईंनी पिशवी उचलली.

"ताई, पोराची नोकरी अजून कायम झालेली नाही," मी जिन्यात म्हणाले.

"नोकरी गेली तर दुसरी शोधेल. हिला नवरा कुठून आणून देऊ?"

पुतण्या दारातल्या टेबलाशीच होता. आईला बघून त्याचा चेहरा पडला. साहेबांनी आम्हालाही तेच ऐकवलं, असा कुणी आणलाच नाही. रंगाऱ्याची बायको बाहेर पायरीवर बसली, जाऊबाई आत बाकावर. मी पुतण्याकडे बघत राहिले. त्याने एकदाही मान वर केली नाही.

दुपारपर्यंत साहेबांचा धीर सुटला. "ए, ही तुझी आई ना? घरी सोडून ये तिला. नाहीतर उद्यापासून तूही घरीच बस."

पुतण्या आमच्यापाशी आला. "आई, ऊठ ना गं," तो हळूच म्हणाला.

जाऊबाईंनी सुई शर्टात टोचून ठेवली. "उठते. मला फक्त एक सांगा, शिपाई. रंगारी आत आहे का?"

मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! पोटच्या पोराला कुणी असं कात्रीत पकडतं का? पुतण्यानं साहेबांकडे पाहिलं. मग पायरीवरच्या त्या बाईकडे पाहिलं.

"आहे," तो म्हणाला. तेही पायरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. "सकाळपासून आतच आहे."

तक्रारी घेऊन आलेली माणसं रांगेत उभी होती, त्यांनीही ऐकलं. आता साहेबांना नाही म्हणायची सोय उरली नव्हती. रंगाऱ्याला बाहेर आणलं. ओठ फाटलेला, एक डोळा पार सुजून बंद झालेला, पण स्वतःच्या पायांनी चालत होता. त्याची बायको रडत होती आणि मीही. जाऊबाईंनी मात्र कुठे कुठे लागलंय ते त्यालाच नीट विचारलं आणि वकिलांना फोन केला. संध्याकाळी तो सुटला.

पुतण्याची नोकरी वाचली. एवढ्या लोकांसमोर खरं बोलल्याबद्दल काढायचं तरी कसं? त्याला चौकात गाड्या आवरायला उभं करायचं ठरलं. त्या संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा आईकडे बघेना.

"मी खोटं बोललो असतो तर?" त्यानं शेवटी विचारलं.

"तुला जमलं नसतं."

"आणि जमलं असतं तर?"

जाऊबाईंचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदाच बघितले. त्यानं आईच्या हातातलं वाढायचं भांडं काढून घेतलं आणि स्वतःच वाढून घेतलं.

"उद्या त्या रंगाऱ्याकडे जाऊन ये," तो म्हणाला. "त्याचा डोळा कसा आहे विचार. मी गेलो तर घाबरेल तो."