रंगाखालचा साबण

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मुरबाडजवळ इंजिन बंद पडलं आणि माझं छोटं विमान मी कसंबसं माळावर उतरवलं. मागे पत्नी बसली होती.

गावचा लोहार धावत आला. विमान तो प्रथमच पाहत होता. बैलाला गोंजारावं तसा हात फिरवत तो पेट्रोलच्या नळीशी थांबला आणि त्याने नखाने रंग खरवडला. खालून साबण निघाला.

"सायब, चीर बुजवलीय."

मी हादरलोच. पेट्रोलचा वास येतो म्हणून विमान दुरुस्त करणाऱ्या मुंबईच्या कारखानदाराशी मी महिनाभर भांडलो होतो. नळी नवी बसवल्याचं त्याने लिहून दिलं होतं.

लोहाराने पत्नीकडे पाहिलं. "बैलगाडीला पण आमी असं करत नाय. तीत माणसं बसतात."

कारखानदाराने चूक कधीच कबूल केली नाही. लोहार मात्र बोलताना साबणाची बोटं धोतराला पुनःपुन्हा पुसत होता, जणू ते त्यानेच केलं होतं.