गळा देवानं दिला, तारा कंपनीनं

लग्न होऊन मी केंटकीतल्या या स्टिलहाऊस खोऱ्यात आले, त्याच वर्षाची गोष्ट. झऱ्यावर पाणी भरत होते, तर वरच्या घरातून ओर्लीना मावशीचा आवाज आला. दुसऱ्याचं भांडण ऐकू नये म्हणतात. पण बादली काय आपल्या सांगण्यानं लवकर भरते?

"ती तारांची पेटी माझ्या उंबऱ्याच्या आत यायची नाही."

"आई, गिटार आहे ती. दोन उन्हाळे रानात जिनसेंगच्या औषधी मुळ्या खणून विकल्या मी तिच्यासाठी."

"खण की अजून. पाताळ लागलं की ज्याची वस्तू त्याला परत देऊन ये."

"माझा गळा चांगला आहे म्हणून तूच सांगत फिरतेस ना?"

"गळा देवानं दिला. तारा कंपनीनं. मी देवाचं ऐकते, कंपनीचं नाही."

आर्व्हिल स्टँपर तेव्हा सोळाचा होता. आमच्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही, अजूनही नाही. म्हाताऱ्यानं ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती ओढून म्हणायची. मावशी तर चर्चच्याही दोन पावलं पुढे. तेव्हा गिटार मक्याच्या कणगीत राहायला गेली. उंदरांनी तिचा एक कोपरा चाखून पाहिला, तो व्रण तिच्यावर शेवटपर्यंत राहिला.

आर्व्हिलचा बाप कोळशाच्या खाणीतच मेला. मग आर्व्हिलही त्याच खाणीत उतरला. आठवडाभर कोळसा, रविवारी कणगीशेजारी बसून गाणं. दुसरं महायुद्ध संपल्यावर काउंटीच्या मुख्य गावात रेडिओ स्टेशन निघालं. तिथं पिठाच्या एका गिरणीनं आपल्या जाहिरातीसाठी त्याला शनिवारी दुपारी बारापासूनचा अर्धा तास दिला. आगगाडीची गाणी, दारूची गाणी, सोडून गेलेल्या बायकांची गाणी. त्याला तोवर कुठलीच बायको सोडून गेली नव्हती, कारण आलीच नव्हती. पण ऐकणाऱ्याला वाटे, गेल्या असतील चार-पाच.

पहिल्या शनिवारच्या आधी तो माझ्याकडे एक जाडजूड बॅटरी घेऊन आला. वीज तेव्हा खोऱ्यात नव्हती. रेडिओ आमच्याच घरी, तोही बॅटरीचा.

"वहिनी, शेवटचं गाणं मी गिटार खाली ठेवून म्हणणार आहे. नुसत्या गळ्यानं. तेवढंच आईला ऐकव. आधीचं नको."

"आणि तिनं कान झाकून घेतले तर?"

"शेंगा सोलायला बोलाव. हात गुंतलेले असले की झाकणार कशानं?"

तेव्हापासून दर शनिवारी साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना मावशी शेंगांची टोपली घेऊन माझ्या ओसरीवर. मी बटण फिरवायची. आर्व्हिल एखादं चर्चमधलं जुनं गाणं म्हणायचा, मागं काहीच नाही. मावशी मान खाली घालून शिरा काढायची. संपलं की म्हणायची, "शेंगा जून निघाल्या या खेपेला." बस, तेवढंच. नोव्हेंबरात शेंगा संपल्या की टोपलीत अक्रोड यायचे.

गिरणीवाले कुरकुरले. बिनवाद्याचं ऐकून लोकांना बॅटरी संपली असं वाटतं म्हणे. आर्व्हिल म्हणाला, मग संपली असं समजा. त्याच आवाजावर एकोणपन्नास साली नॅशव्हिलचा एक माणूस भाळला आणि त्याला घेऊन गेला. चौदा महिने होता तो तिथं. एक तबकडी निघाली, गावातल्या हॉटेलातल्या नाणं टाकायच्या पेटीत लागली. पोरं नाचायची तिच्यावर. फक्त नुसत्या गळ्याचं गाणं तिथं कोणी म्हणू देईना.

ते चौदा महिने मावशी शनिवारी यायचीच. रेडिओ बंद. आम्ही दोघी शेंगा सोलायचो. पत्रात त्यानं विचारलं होतं, तबकडी पाठवू का? मावशीनं माझ्याकडून लिहवून घेतलं, "तव्याला झाकण आहे माझ्याकडे."

मग एके दिवशी तो परत आला आणि पुन्हा गिरणीच्या अर्ध्या तासाला लागला. कोणी म्हणालं आपटला, कोणी म्हणालं आईसाठी आला. मला एवढंच म्हणाला, "माझ्या मागं इतकी व्हायोलिनं लावली वहिनी, की मीच मला ऐकू येईना."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मावशी एकदा वीस मिनिटं आधीच आली. रेडिओ चालू, गिटार जोरात. मी धावले बंद करायला.

"राहू दे," ती म्हणाली. "सारखं फिरवून बटण झिजेल तुझं."

मी बसले. ती शेंगा सोलत राहिली, पाय मात्र लाकडावर टप टप. पुढच्या शनिवारी बाराच्या ठोक्याला हजर. जाताना दम देऊन गेली, "त्याला सांगितलंस तर याद राख."

चार वर्षं नाही सांगितलं. चौपन्न साली मावशीला टेकडीवर पुरलं, आणि परतताना मी आर्व्हिलला सांगून टाकलं. तो थांबला. टोपी फिरवत राहिला.

"सगळी गाणी?"

"सगळी. दारूच्या गाण्याला पाय जास्त हलायचा."

त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि टेकडी उतरायला लागला. शनिवारी मी मुद्दाम कान लावून बसले. शेवटच्या गाण्याआधी गिटार खाली ठेवल्याचा तोच खट्ट आवाज आला.

पुढच्या वर्षी खोऱ्यात वीज आली. तार माझ्या ओसरीवरूनच घरात शिरते, आंधळ्यालाही दिसेल. तरी तो दर तीन महिन्यांनी बॅटरी आणायचाच. जाड बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा टॉर्चच्या आणायला लागला. मी नको म्हटलं नाही, त्यानं विचारलं नाही. बायको आली, दोन पोरी झाल्या, खाण छातीत भरली, पुढं खाण सुटली; शनिवार सुटला नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात एका मंगळवारी तो गेला. आधीच्या शनिवारी कार्यक्रम करून आला होता. शेवटचं गाणं दोनदा खोकून पुरं केलं होतं, ते मी ऐकलं होतं. माझ्या ओसरीवर बसून त्यानं ताकात मक्याची भाकर कुस्करून खाल्ली, वाटी पुसून ठेवली. खिशातून चार बॅटऱ्या काढून कठड्यावर ओळीनं उभ्या केल्या.

"जुन्या संपत आल्या असतील, वहिनी."

"आल्याच होत्या," मी म्हटलं.

मग गाडी मागं घेत वळणावर त्यानं दोनदा भोंगा वाजवला, आणि मी बॅटऱ्या उचलून फळीवर आधीच्यांच्या शेजारी ठेवल्या.