दोन घुमटांच्या मधली जागा

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या आर्डेल गावाचं जुनं लाकडी कोर्ट जळाल्यावर लाल विटांचं नवं बांधलं, तेव्हा माझे बाबा, आयशम टॉलिव्हर, विटा वाहायला होते. पुढे त्याच कोर्टात ते झाडूवाले झाले. न्यायाधीशाच्या डोक्यावर रंगवलेला घुमट दिसतो, तो आतला. बाहेरून दिसतो तो पत्र्याचा, निराळा. दोन्हींच्या मधे माणूस बसेल एवढी जागा आहे, हे गावात फक्त बाबांना ठाऊक होतं.

१९११च्या ऑगस्टमध्ये कापसाच्या गिरणीचा गोरा मालक मेलेला सापडला आणि आळ आला क्लिऑन बॅटलवर. एकोणीस वर्षांचा, आमच्याच, काळ्यांच्या चर्चमध्ये गाणारा. सुनावणीच्या दिवशी दुपारी न्यायाधीशांनी तारीख पुढे ढकलली, तशी चौकातली गर्दी दोर घेऊन पायऱ्या चढू लागली. शेरीफ कुठे दिसेना. बाबांनी क्लिऑनला मागच्या जिन्यानं वर नेलं, त्या जागेत बसवलं.

"हलू नकोस. मी येतो."

"काका, पाणी?"

"आणतो."

खाली त्यांना गर्दीनं धरलं. "ए म्हाताऱ्या, कुठाय तो?"

"मागच्या दारानं पळाला, साहेब. नदीकडं."

"खोटं निघालं, तर त्याच्याऐवजी तू!"

निम्मे नदीकडे धावले. उरलेल्यांनी खोल्या धुंडाळल्या आणि मग जिन्यातच ठाण मांडलं. कलिंगडं फोडून खात बसले. वर पत्रा तापत होता. बाबा खाली सालं झाडत राहिले. जिन्याकडे बघायचीही सोय नव्हती.

दिवेलागणीला माणसं पांगली. बाबा बादली घेऊन वर गेले. क्लिऑन बसल्या जागीच गेला होता. हूं की चूं केलं नव्हतं त्यानं.

कोळशाच्या राखेच्या गाडीतून बाबांनी त्याला त्याच्या आईकडे, ओडेसामावशीकडे, आणलं.

"मी मारला त्याला, ओडेसा. पाणी नाही देऊ शकलो."

मावशीनं त्याच्या हातांवरून, बोटांवरून, मानेवरून हात फिरवला. बराच वेळ.

"तू मला तो अख्खा आणून दिलास, आयशम," ती म्हणाली. "लुईझाला गर्दीनं जाळलेला तिचा पोरगा ओळखूसुद्धा आला नव्हता."

परसात, भेंडीच्या वाफ्याखाली त्याला पुरलं. ना गाणं, ना खूण. गावाच्या लेखी तो पळालेला होता. बाजारात कुणी विचारलं, "काय गं, पोराचं पत्रबित्र?" की मावशी म्हणायची, "नाही हो, साहेब. विसरला आईला."

बाबा आणखी अकरा वर्षं तिथेच झाडत राहिले. दुसरं काम आम्हाला कोण देणार होतं?