खळ्यात कोळशाने लिवलेलं

आज नातीने वही दिली. "आजी, मनातलं लिव, बरं वाटंल." मला हसूच आलं! दारापुढच्या खळ्यात सून सारवत होती, त्या शेणाच्या वासाने सगळं आठवलं.

तेव्हा हे मुंबईला कामाला, घरात सासूबाईंचे टोमणे. मी प्रौढांच्या वर्गात नुकती अक्षरं शिकलेली. सारवायच्या आधी कोळशाने खळ्यात लिवलं, 'सासू छळते.' वरून शेण फिरवलं नि कसं हलकं वाटलं. मग दर सारवणाला तेच.

एकदा मागून सासूबाई आल्या. "काय लिवतस गो?"

त्यांना वाचता येत नव्हतं, तरी मी कोळसा पदराआड लपवला.

"माज्यावरच असंल. माजी सासूपन लय वायट होती. तिचं बी लिव!"

मी लिवलं. वरून शेण त्यांनी फिरवलं.