कार्बाइडला चकाकी आणताना

आमच्या गोखिवऱ्याच्या गाळ्यात लेझर मशीनखालची धूळ रोज झाडली जाते. किस्से मात्र साचतच जातात. ते कोण झाडणार!

काम आमचं एकच. कार्बाइड, म्हणजे पोलादालाही कापणारा कडक माल, त्यात लेझरने साचे कोरायचे. कोरणं जमलं होतं, पण पृष्ठभाग उतरायचा खडबडीत. मालकीण माधवीताई साच्यावरून बोट फिरवून म्हणायच्या, "गिऱ्हाइकाने साचा मागितलाय रे, किसणी नाही!"

त्यातच एका मोठ्या कंपनीने नमुना मागवला. गुळगुळीत निघाला तर कायमचं काम. नाहीतर दुसरं मशीन घ्यायचं स्वप्न विसरा!

*

आमचा ऑपरेटर विल्सन राजोडीचा. स्टार्ट दाबण्याआधी क्रूसाची खूण करणार, आणि काम लवकर उरकावं म्हणून पॉवर फुल्ल ठेवणार. माल वितळून तिथेच थिजायचा, वर बारीक तडे.

ताई कडाडल्या, "विल्सन, आधी पॉवर कमी कर, मग देवाला बोलाव!"

*

मग ताईंनीच सेटिंग बदललं. शेवटचे हात अगदी हलक्या पॉवरने, पुन्हा पुन्हा, दरवेळी दिशा बदलून. फरक दिसायला लागला, पण विल्सन स्टुलावर बसून वैतागला.

"ताई, माझं लगीन पन याच्यापेक्षा लवकर जमलं!"

"म्हणूनच तुझं फिनिशिंग अजून चालूय!"

*

लेझरनंतर हिऱ्याची पूड असलेल्या डायमंड पेस्टने हाताने घासायचं. विल्सनने घरी फुशारकी मारली, "आज दिवसभर हिरा घासला!"

बायको म्हणाली, "मग थोडा घरी आना की!"

पठ्ठ्याने खरंच पेस्टची रिकामी ट्यूब नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी डब्यात नुसता पाव!

*

नमुना तपासायला कंपनीचे दामलेसाहेब आले. चेहरा असा, की हसायचं झालं तर आधी रजेचा अर्ज टाकतील.

त्यांनी भिंग लावलं. खडबडीतपणा मोजायची सुई फिरवली, परत फिरवली. मग तुकडा उचलून खिडकीपाशी नेला, डोळ्यांसमोर धरला, जरासा तिरका केला. कपाळाला आठी! ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, कानावर खसाखसा घासला आणि आमच्याकडे वळून डाफरले,

"सकाळपासून कानाला कलप लागलाय माझ्या! एकालाही सांगता आलं नाही?"